एका बोटावर तोललेला पडदा

१

शनिवारी सकाळी ती डबा घेऊन थिएटरात पोचली, तेव्हा बाबा वाळूच्या पिशवीशी भांडत होते.

"अजून खा," ते पिशवीला सांगत होते. "काल तर पोट भरलं होतं तुझं."

पिशव्या शिवणारे काका पत्र्याच्या डब्याने पिशवीत वाळू ओतत होते. वर, रंगमंचाच्या अंधारात, जुना रंगवलेला पडदा लाकडी दांड्याला टांगलेला होता. त्याचे दोर छताजवळच्या कप्प्यांच्या चाकांवरून भिंतीकडे येऊन एकत्र बांधलेले, आणि त्या जुडग्याला ही पिशवी. पडदा खाली आला की पिशवी वर जाणार, पिशवी खाली आली की पडदा वर. दोघांचं वजन सारखं झालं, की मग एवढा थोरला पडदा एकटा माणूस हलवू शकतो.

"कालच्या अंदाजाने भरली होती, तरी पडदाच खाली ओढतोय," बाबा म्हणाले. "एका रात्रीत हा जड झाला, की मी म्हातारा झालो?"

"दोन्ही," काका म्हणाले. "फक्त वाळू घालून तुझ्यावर इलाज होणार नाही."

ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली आणि ऐकत राहिली. तिला हे थिएटर आवडायचं. युद्धाच्या दिवसांत, सुट्टीवर आलेल्या सैनिकांचा जीव रमावा म्हणून ते घाईघाईने उभारलेलं. लोखंड सगळं लढाईकडे गेलेलं, म्हणून इथे लाकूड, दोर आणि वाळू यांच्यावरच भागवलेलं. छतात मोठमोठ्या काचा होत्या. उजेड बाहेर दिसू नये म्हणून त्यांवर तेव्हा काळा रंग फासला, तो कुणी पुन्हा काढलाच नाही. त्या रंगाला जागोजाग सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती, त्यामुळे आत दिवसाढवळ्या चांदणं पडल्यासारखं वाटे. काम करणारी माणसं नकळत हळू बोलत, जणू शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय.

ही सगळी माणसं मंडळ करून हौसेने येत. पुन्हा इथे नाटकं व्हावीत, एवढ्यासाठी. बाबांनी उभा जन्म नाटक कंपन्यांचे पडदे ओढण्यात घालवला होता. निवृत्त होऊन घरी बसलेला माणूस, पण दोरांना कुणी वाली नाही म्हटल्यावर धावत आला.

"सरकार, इकडे बघा," त्यांनी हाक मारली. लेकीला ते लहानपणापासून सरकार म्हणत. "आता बघा हं."

त्यांनी दोर खुंटीवरून सोडला आणि त्याच्यात फक्त एक बोट अडकवलं. पडदा डुलत, काही आवाज न करता खाली आला. तसाच वर गेला. पुन्हा खाली आला आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर थांबला. बाबांनी दोर खुंटीला गुंडाळला आणि हात झटकले.

"जादूगार," काका म्हणाले. "आता चहा पी."

बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा घेतला. हात थोडा हलला आणि शर्टावर एक ओघळ आला. तिने तो पाहिला, बाबांनी ती पाहतेय हे पाहिलं.

पडद्याच्या बाजूने ओल्या सरसाचा वास येत होता. ती ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधायची. सरसाचा वास तिच्या बोटांना कायमचा. तिला वाटलं, आपल्याच हातांचा असेल.

छतावर सकाळपासून खरवडण्याचा आवाज चालू होता. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर, दोन-चार जणांना घेऊन काचांवरचा काळा रंग काढत होते. एकाएकी वरून "सांभाळा!" अशी आरोळी आली, आणि मोठ्या काचेवरचा रंग सोलून निघाला.

ऊन आत कोसळलं. सरळ पडद्यावर. इतकी वर्षं अंधारात राहिलेलं चित्र उजळून निघालं: नदी, नदीवरच्या होड्या, काठावरचं घर, आणि त्या घराच्या खिडकीत बसलेली बाई. निळा तर असा गर्द, की आत्ताच कुणी हात फिरवून गेलंय. सगळे टाळ्या वाजवू लागले. चित्रकार बाई विंगेत उभ्या होत्या. जुन्या पडद्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. पण त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, बाबांकडे बघत होत्या.

बाबा उन्हात जाऊन उभे राहिले. डोळे मिटलेले, तोंड वर. डोक्यावरचे विरळ केस पेटल्यासारखे दिसत होते.

"अहो, तसेच उभे राहणार का?" तिने विचारलं. "डबा गार होतोय."

"होऊ दे," ते म्हणाले. "ऊन गरम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियरसाहेबांचा फोन आला.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही आधी बसून घ्या."

ती उभीच राहिली.

२

सगळ्यांच्या आधी बाबा थिएटरात गेले होते. त्यांच्यानंतर पोचले ते इंजिनियरसाहेब. त्यांना बाबा भिंतीशी, दोराच्या खुंटीखाली पडलेले दिसले. शेजारी फुटलेली पिशवी, चहूकडे वाळू. पिशवी खांद्यावर आणि मानेवर आदळली होती. डॉक्टर म्हणाले, कळायच्या आत गेले असतील. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं.

माणसं येऊन गेली. घर भरलं, रिकामं झालं. भेटायला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, आणि ते इतक्या मायेने बोललं जाई की त्याला विरोध करणंही उद्धटपणाचं वाटावं.

"वय झालं होतं. हात सुटला असेल."

ती मान हलवायची. चहा ठेवायची. कप धुवायची.

मग मंडळाचा निरोप आला. येत्या रविवारी बैठक. दोर आणि वाळू काढून टाकून विजेवर चालणारी यंत्रणा बसवायची. आणि पुन्हा कुणी वयस्कर माणूस धोक्याच्या कामावर जाऊ नये म्हणून रंगमंचाच्या दारावर एक सूचना लावायची. सूचनेचा मजकूर इंजिनियरसाहेबांनी तिला आधी दाखवला. वाईट वाटू नये म्हणून. त्यात लिहिलं होतं: 'ज्येष्ठ स्वयंसेवकाची दोरावरची पकड सुटल्यामुळे.'

बाबांचं आयुष्य म्हणजे पकडच होती. दुसरं काय होतं त्यांच्याकडे? शिक्षण नाही, कुठल्या जाहिरातीत नाव नाही. पडदा वेळेवर पडला, की प्रेक्षक नटाला टाळ्या देत. आता त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच कुणी काही लिहून भिंतीवर लावणार होतं, ते हे.

आणि तरी तिला खात्रीने 'नाही' म्हणता येईना. शर्टावरचा चहाचा ओघळ तिने पाहिला होता.

त्या दुपारी ती बाबांच्या खाटेवर बसून राहिली. डोळ्यांपुढे सारखे त्यांचे हात येत होते. शेवटचं पाहिलं तेव्हा कुणीतरी ते छातीवर जुळवून ठेवले होते. निरोप घेताना तिने एक हात सरळ केला होता. तळहातावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक पट्टा होता. दुसऱ्यावरही तसाच. कातडी घासून निघाली होती.

ती सावकाश उठून उभी राहिली.

ज्याची पकड सुटते, त्याचा हात रिकामा होतो. रिकाम्या हाताला दोर भाजत नाही.

बाबांनी सोडलं नव्हतं. दोर त्यांच्या घट्ट मुठीतून पळाला होता. मग एका बोटावर तोललेला पडदा असा पळालाच कसा?

३

इंजिनियरसाहेब तिकीटखिडकीच्या आतल्या अरुंद खोलीत बसत. समोर यंत्रणेचे नकाशे पसरलेले.

"मी तुमच्या बाबांना किती वेळा सांगितलं होतं," ते म्हणाले. "मोटार बसवू या, तुम्ही बटण दाबा. तर म्हणतात कसे, बटणाला हाताचा स्पर्श कळतो का? आमचं वाजायचं त्यावरून. सगळ्यांना माहीत आहे."

"मला भांडणाचं नाही विचारायचं," ती म्हणाली. "तुम्ही आत आलात तेव्हा पडदा कुठे होता?"

"म्हणजे?"

"वर होता की खाली?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वर. पार वर, कप्पीला टेकलेला. का?"

"सहज."

"ताई, तुम्ही मला संशयित धरताय का?" ते हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "धरा. तुमच्या जागी मीही धरलं असतं."

तिथून ती काकांकडे गेली. काका खिडकीशी बसून जाड कापड शिवत होते. सुई मोठी, दोरा मेण लावलेला. वाळूच्या सगळ्या पिशव्या त्यांच्याच हातच्या.

"ये पोरी. बस. उभी राहून बोलू नकोस, मला पोलिसांसारखं वाटतं."

"काका, पिशवी कशी फुटली?"

काकांची सुई थांबली. "तू पण तेच विचार. रोज रात्री मी तेच विचारतो. माझी शिवण उसवली म्हणून ती त्याच्या अंगावर..."

"पिशवी बांधलेली दोरी तुटली होती का?"

"नाही. गळ्यापाशी गाठ जशीच्या तशी होती. दोरही सलग."

"मग ती वरून तुटून पडलीच नाही. दोरासकट खाली आली. जमिनीवर आपटल्यावर फुटली. शिवण नंतर उसवली, काका, आधी नाही."

काकांनी शिवण मांडीवर ठेवली. मग त्यांनी बाहीने नाक पुसलं. "वकील झाली असतीस तर घराचं भलं झालं असतं. पुस्तकं कसली शिवतेस?"

"वाळू परत कुणी घातली का? शनिवारी तुम्ही तोलल्यानंतर?"

"कोण घालणार? तोंड मीच शिवलं. शिवण बघायला तो माझ्या डोक्यावर उभा होता. म्हणे, तुझ्या टाक्यांपेक्षा कोंबडीचे पाय सरळ पडतात."

ती हसली. घर रिकामं झाल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसताच तिला कळलं की आपल्या हातात काय आलंय.

पकड सुटून जड पडदा निसटला असता, तर पडदा खाली आला असता. तो वर गेला होता. म्हणजे त्या सकाळी पिशवी पडद्यापेक्षा जड होती. पिशवीत तर कणभर वाळू वाढली नव्हती.

मग पडदा हलका झाला होता.

पण पडद्यासारखी वस्तू, भिंतीएवढी, जिथल्या तिथे टांगलेली, एका रात्रीत हलकी होईलच कशी?

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थिएटरात एकटी गेली. आता आत चांदणं नव्हतं. सगळ्या काचा स्वच्छ झाल्या होत्या आणि उन्हाचे मोठे चौकोन खुर्च्यांवरून चालत होते. धूळ त्यांतून वर जात होती, अगदी सावकाश, पाण्यातून बुडबुडे जावेत तशी. इथे काही वाईट घडलंय असं त्या उजेडाला माहीतच नव्हतं.

कुणीतरी पडदा खाली आणून दुसऱ्या दोराने बांधून ठेवला होता. ती पहिल्या रांगेत बसली, आणि तिला चित्र अनोळखी वाटलं.

नदी तीच. होड्या त्याच. पण तो गर्द निळा कुठे गेला? आता निळ्यावर खडूची पूड उडाल्यासारखी दिसत होती. सगळेच रंग असे, निवलेले, कोरडे. ऊन तर आजही तेवढंच होतं.

"फिका वाटतो ना?" मागून आवाज आला.

चित्रकार बाई दारात उभ्या होत्या. हातात ओला ब्रश, तो त्या कापडात पुन्हा पुन्हा पिळत होत्या. साठीच्या जवळच्या, केस कसेतरी वर बांधलेले, कानामागे रंगाचा एक ठिपका.

"शनिवारी वेगळा दिसत होता," ती म्हणाली.

"पहिलं ऊन होतं. पहिल्या उन्हात सगळंच सुंदर दिसतं."

"बाबांशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"शनिवारीच. निघताना." बाई ब्रशकडे बघत म्हणाल्या. "म्हणाले, उद्या लवकर येतो, तुम्हीही या. मला उशीर झाला."

बाई पुन्हा ब्रश पिळू लागल्या. या बाईंबद्दल तिला बरंच माहीत होतं, आणि ते कुणी सांगितलेलं नव्हतं. बाबांच्या कॉलरवर कधीमधी हिरवा ठिपका असे. थिएटरातून यायला उशीर झाला की ते न विचारता कारण सांगत, आणि न विचारता सांगितलेलं कारण नेहमी लांबलचक असे. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने बाबांना कधी टोकलं नाही, कधी विचारलंही नाही. ती फक्त डाग पडलेला शर्ट धुवायला टाकी.

"चला, रंगखोलीत बसू," बाई म्हणाल्या. "इथे उभं राहवत नाही मला."

रंगखोलीत बादल्या, ब्रश, खडूच्या पुड्या, सरसाचं पातेलं. कोपऱ्यात बागेत झाडांवर पाणी मारायचा हातपंप उपडा घालून ठेवला होता.

"इथे झाडं आहेत?" तिने विचारलं.

"कुठे?"

"काही नाही. आणि बाई, हा पडदा तुम्ही धुतला नाहीत कधी?"

"तुमच्या बाबांची सक्त ताकीद होती. जुना रंग सरसात कालवलेला, पाण्याचा थेंब लागला तर वाहून जाईल." हे बाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या.

ती निघाली. जाता जाता रंगमंचावर थांबली आणि पहिल्यांदाच पडद्याच्या अगदी जवळ गेली. खिडकीतल्या बाईचा चेहरा तिच्या डोक्याच्या वर होता. कुणास ठाऊक कुणाचा चेहरा. कुणाची तरी वाट बघणारा. हा पडदा माळ्यावर घडी करून ठेवलेला सापडला, तेव्हा ती बघायला आली होती. घडीची एक जाड रेघ त्या चेहऱ्यावरून आडवी गेली होती, गालापासून कानापर्यंत.

आता चेहरा नितळ होता. रेघ नव्हती.

घड्या आपोआप जात नाहीत. हे इतर कुणाला ठाऊक नसेल. तिचं पोटच त्यावर चालत होतं.

५

दुमडलेल्या जुन्या पानाची घडी काढायची तर ते मागच्या बाजूने ओलं करावं लागतं. पान ओलं होतं, सैलावतं, मग त्याला सरळ ठेवून वाळू द्यायचं. कापडाचंही तेच. टांगलेलं कापड मागून भिजवलं, की पाण्याच्या वजनाने ते स्वतःच स्वतःला ताणतं आणि वाळता वाळता सरळ होतं.

ग्रंथालयातल्या तिच्या टेबलाला मोठी खिडकी होती. सकाळी तिने बांधणीच्या कापडाचा एक लांब तुकडा घेतला, मागून भिजवला, आणि एका पट्टीला टांगला. पट्टीचा दोरा वरच्या आकड्यावरच्या रिळावरून घेऊन दुसऱ्या टोकाला वाळूची चिमुकली पुरचुंडी बांधली. चिमूट चिमूट वाळू घालत तिने दोन्ही बाजू सारख्या केल्या. बोट लावलं की कापड खाली येई, बोट लावलं की वर जाई. मग तिने दोरा खिळ्याला गुंडाळला आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला.

ऊन कापडावर आलं. ती समोर बसून राहिली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय गं, कापडाला नजर लावतेस का?" ती नुसती हसली. कापडाचा गडद रंग कडेपासून फिका होत गेला, भरती ओसरावी तसा. खोलीत सरसाचा वास होता. शनिवारी थिएटरात होता, तोच.

कापड पुरतं वाळल्यावर तिने खिळ्यावरून दोरा सोडला.

पुरचुंडी धाडकन टेबलावर आली. कापड उडून रिळाला टेकलं.

दोरा तिने बोटांत धरून ठेवला होता, आणि बोटांवर बारीक लाल रेघ उमटली होती.

कोणी ओलं केलं, हे आता विचारायची गरजच नव्हती. बाबांना न सांगता केलं, म्हणून बाबांनी ओल्या पडद्याला कोरडा समजून तोललं. अंधारात राहिला असता तर तो कितीतरी दिवस ओलाच राहिला असता आणि हळूहळू हाताला कळत गेलं असतं. पण त्याच दिवशी काचा उघडल्या.

रविवारी ती हे बोलली, तर बाबांचे हात निर्दोष ठरणार होते. आणि ज्या एका माणसाने बाबांच्या म्हातारपणात उजेड आणला, तिच्या माथी त्यांचं मरण बसणार होतं. नाही बोलली, तर दारावर ती सूचना लागणार होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाचणार होता.

बाबा काय म्हणाले असते? तिने खूप कान लावला. बाबा काहीच म्हणाले नाहीत.

६

बैठक रंगमंचावरच झाली. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये उन्हाचा एक चौकोन. इंजिनियरसाहेबांनी सूचनेचा कागद काढला आणि घसा साफ केला.

"वाचू नका," ती म्हणाली. "आधी मला बोलू द्या."

"बोला ना, ताई."

ती उभी राहिली. आवाज शांत ठेवायला तिला हाताची बोटं आवळावी लागली. "बाबांच्या तळहातांवर दोराने भाजल्याच्या खुणा होत्या. काका, तुम्ही पाहिल्यात. म्हणजे त्यांनी शेवटपर्यंत धरलं होतं. साहेब, पडदा पार वर होता, हे तुम्ही स्वतः सांगितलंत. म्हणजे त्या सकाळी पडद्यापेक्षा पिशवी जड होती."

"पण शनिवारी तर एका बोटाने..." इंजिनियरसाहेब थबकले. "आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"हो. आणि बाबा काय म्हणाले ते काकांना आठवत असेल. एका रात्रीत पडदा जड झाला की मी म्हातारा झालो."

"मी म्हटलं दोन्ही," काका पुटपुटले. "मूर्ख मी."

"बाबा म्हातारे झाले नव्हते. पडदा खरंच जड झाला होता. तो मागून ओला होता. म्हणून रंग इतके गर्द दिसले, म्हणून सरसाचा वास आला, म्हणून कालपेक्षा जास्त वाळू लागली. दिवसभर ऊन पडलं, तो वाळला. पाणी गेलं, वाळू राहिली. सकाळी बाबांनी खुंटीवरून दोर सोडला तेव्हा त्यांच्या हातात तोललेला पडदा नव्हताच. तरी त्यांनी धरून ठेवायचा प्रयत्न केला. सोडून बाजूला झाले असते तर वाचले असते. पण मग पडदा वर आपटून फाटला असता."

उन्हाचा चौकोन कुणाच्या तरी बुटाशी आला होता.

"पण पाणी आलं कुठून?" इंजिनियरसाहेबांनी विचारलं. "छत तर गळत नाही. ताई, कुणी मारलं पाणी?"

इथपर्यंत यायचं तिने ठरवलं होतं. पुढचं ठरवलं नव्हतं.

"मी," चित्रकार बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या, पण खुर्चीची पाठ सोडली नाही.

"शनिवारी पहाटे मी लवकर आले आणि मागून पंपाने पाणी मारलं. समोरच्या रंगाला धक्का लागू दिला नाही. मला येतं ते. त्याला मी विचारलं असतं तर नाही म्हणाला असता." सगळ्यांसमोर त्या बाबांबद्दल पहिल्यांदाच असं एकेरीत बोलत होत्या, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. "रोज संध्याकाळी आम्ही पहिल्या रांगेत बसायचो. तो म्हणायचा, त्या खिडकीतल्या बाईच्या तोंडावर कुणीतरी फटकारा मारलाय, मला बघवत नाही. मला वाटलं, एक दिवस सकाळी येईल आणि बघेल, चेहरा नितळ. काही सांगायचं नाही. त्यालाच दिसू दे. त्याला म्हटलं होतं ना, उद्या लवकर ये... नाही, तोच म्हणाला. कोण म्हणालं ते आता मला आठवत नाही."

"आणि इतके दिवस तुम्ही..." इंजिनियरसाहेबांचा आवाज चढला.

"पडदा फिका दिसला तेव्हा मला कळलं. रोज सांगायला येते. रोज ब्रश धुते आणि घरी जाते. तुम्ही सगळे म्हणत होता, हात सुटला. त्याचा हात! मला माहीत होतं, आणि मी ऐकून घेत होते. याला काय म्हणायचं ते म्हणा."

इंजिनियरसाहेब काहीतरी म्हणणार होते. मग त्यांची नजर वर गेली, स्वच्छ काचांकडे.

"त्या दिवशीच काचा उघडायच्या, हा हट्ट माझा," ते अखेर म्हणाले. "तुमचे बाबा म्हणत होते, आधी दोर मार्गी लागू देत."

"आणि वाळू मी ओतली," काका म्हणाले. "वाटणीच करायची तर सगळ्यांत करा."

"वाटणी नको," ती म्हणाली. "मला फक्त तो कागद नको."

इंजिनियरसाहेबांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खिशात टाकला. "सूचना लागेल," ते म्हणाले. "लावायलाच हवी. पण ती अशी: पडद्याला पाणी लागलं तर सगळ्यांना सांगायचं, वाळल्यावर दोघांनी मिळून पुन्हा तोलायचा, एकट्याने दोर सोडायचा नाही. दोर राहतील. मोटारीचं मी पुन्हा काढणार नाही."

"काढाल," काका म्हणाले. "तुमचा स्वभाव आहे. चला साहेब, बाहेर. चहाला कुणी आधण ठेवलेलं नाही, आणि मला म्हाताऱ्याला भूक लागलीय." त्यांनी एकेकाला दंडाला धरून उठवलं. जाताना ते चित्रकार बाईंच्या खुर्चीशी क्षणभर थांबले आणि गेले.

दोघीच उरल्या. बाई अजून खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

"तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत," त्या म्हणाल्या. "का? माहीत तर होतं."

"मला जमलं नाही."

"मी उद्यापासून येणार नाही. तुमच्या डोळ्यांसमोर राहण्याचा मला..."

"बाई, थांबा." वर काचेवरून एक ढग गेला; सगळं थिएटर मावळलं आणि पुन्हा उगवलं. "आई गेल्यावर आमच्या घरात कुणी गाणं म्हणायचं नाही. ठरवलं नव्हतं, झालं तसं. मग या थिएटरचं काम सुरू झालं, आणि एक दिवस बाबा जिना चढताना गुणगुणत आले. मी दाराआड उभी राहून ऐकलं. दार उघडलं की ते गप्प व्हायचे, म्हणून मी लवकर उघडायचेच नाही. ते कुणामुळे गातात हे मला माहीत होतं. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की बाबा, त्यांना घरी घेऊन या. म्हणायला हवं होतं, रोज जिभेवर यायचं. आता तुम्हाला म्हणते. मला राग नव्हता आला, बाई. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. घरी चला."